शेपूट दोन दहा : काकांच्या कॅसेटींच्या नोंदी

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार, मिरज

दिवाळीची साफसफाई. माळ्यावरून चार मोठी खोकी उतरवली आणि काकूने जाहीर केलं की धनत्रयोदशीच्या आत हे सगळं घरातून गेलं पाहिजे. भंगारवाल्याला तिने आधीच विचारून ठेवलेलं, तो म्हणाला कॅसेटी नको, पितळ असलं तर बोला. म्हणून मी म्हटलं मी नेतो पुण्याला, आणि मग विचार केला की नेतोयच तर नीट कॉम्प्युटरवर घेऊ, आणि घेतोयच तर रोज काय केलं ते लिहून ठेवू. म्हणून ही वही, म्हणजे फाईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काकांचं स्टेशन रोडला दुकान होतं, १९७९ ते २००३. पुढे रेडिओ आणि टेपची रिपेरी, मागे पडदा लावून कॅसेट भरून द्यायचं काम. तुम्ही कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, काका त्यांच्याकडच्या रेकॉर्डींवरून एकेक गाणं भरायचे, चार दिवसांनी यायचं आणि भरणावळ देऊन घेऊन जायचं. त्या काळी प्रत्येक गावात असं एखादं तरी दुकान होतं, कुठे कुठे पानपट्टीच्या मागे पण चालायचं.

मोजदाद: कॅसेटी १८७. साठ मिनिटांच्या १२२, नव्वद मिनिटांच्या ६५. वह्या ९, दोनशे पानी, कव्हरावर वर्ष. यातल्या बऱ्याच कॅसेटी म्हणजे काकांनी स्वतःसाठी ठेवलेल्या कॉप्या, आणि काही अशा ज्या गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही.

काका आता ७९ चे, कानात मशीन. मी खोकं उघडलं तर म्हणाले, "आता काय करायचंय त्याचं, सगळं मोबाईलवर हाय की."

बरोबरच आहे म्हणा. मी तिथेच बसून दहा गाणी शोधून बघितली, दहाच्या दहा सापडली, वर पडद्यावर चित्र पण. मग आपण नेमकं काय वाचवतोय हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला. तो तसाच बाजूला ठेवून खोकी पुसली.

१२ ऑक्टोबर, रविवार

काकांचा जुना डबल डेक (दोन कॅसेटींचा टेप) उघडला. आतला बेल्ट डांबर झालाय, अक्षरशः, रबर विरघळून पुलीला चिकटलेलं, बोटाला लागलं की साबणाने जात नाही, काकूचा नवीन टॉवेल गेला (नोंद: टॉवेल आणणे). हे सगळ्याच जुन्या डेकांचं होतं, रबराचं आयुष्यच तेवढं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या काड्या, दीड तास.

पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून पुढे ओढणारं रबरी चाक, चकचकीत झालाय, म्हणजे टेप घसरणार. हेडवर (टेपवरचा आवाज उचलणारा भाग) तपकिरी थर. हेड साफ केलं, रोलर बारीक पॉलिश पेपरने हलकासा खरवडला, काका बघत होते, म्हणाले "खरवडू नको, कोमट पाण्याने पूस, मग वाळव." मी ऐकलं नाही. आता रोलर पण नवीन घ्यावा लागणार.

पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळायची ती गोष्ट मी इथे लिहिणार नाहीये, जो तो तेवढंच लिहितो.

१८ ऑक्टोबर, शनिवार, पुणे

सकाळी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत बेल्ट शोधत फिरलो. चार दुकानांत "कसला बेल्ट?" आणि पाचव्यात एका आजोबांनी न बोलता ड्रॉवर उघडला, माझा जुना बेल्ट (प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबर अवस्थेत) बघितला, दोऱ्याने पुलीमधलं अंतर मोजून आणलंय का विचारलं. आणलं होतं, काकांनीच सांगितलेलं. बेल्ट दोन, रोलर एक. दुपारच्या कोयना एक्सप्रेसने परत मिरज, डेक तिकडेच आहे म्हणून. धनत्रयोदशीची डेडलाईन काकूने भाऊबीजेपर्यंत वाढवून दिलीय.

१९ ऑक्टोबर, रविवार, मिरज

डेक फिरला! वेग मात्र चुकीचा. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर जायला पाहिजे, ही संख्या फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट काढली तेव्हापासून तीच. टेस्ट टेपवर ३१५० हर्ट्झचा सूर असतो, तो लावून मोबाईलवर मोजला तर ३२१०. म्हणजे जवळपास दोन टक्के जास्त, गायक थोडा घाईत आहे असं वाटायला तेवढं पुरतं. मोटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून केसाएवढं फिरवायचं. ३१५४ वर सोडून दिलं.

मग अ‍ॅझिमथ. सोप्या भाषेत, हेडची फट टेपला बरोब्बर काटकोनात पाहिजे, जरा तिरकी झाली की वरचे सूर मरतात, गाणं घोंगडीतून ऐकल्यासारखं येतं. आता गंमत अशी की काकांच्या डेकचं हेड ज्या काळात जितकं तिरकं होतं तितकीच तिरकी ती कॅसेट भरली गेलीये, म्हणून कॅसेट "बरोबर" वाजवायची तर मला हेड तेवढंच "चुकीचं" करावं लागतं. प्रत्येक कॅसेटला वेगळं. डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनोत ऐकायचं, स्क्रू हळूहळू फिरवायचा, जिथे झांजेचा आवाज सगळ्यात उजळ तिथे थांबायचं.

काकांना आता वरचे सूर ऐकूच येत नाहीत. पण माझ्या बोटांकडे बघून म्हणाले, "८६ सालची असली तर डावीकडे जास्त फिरव, त्या वर्षी डेक पडला होता." फिरवला. उजळला.

२० ते २३ ऑक्टोबर

दिवाळी. काम शून्य, चकल्या भरपूर.

२५ ऑक्टोबर, शनिवार, पुणे

डेक, ६० कॅसेटी आणि सगळ्या वह्या पुण्यात आणल्या. रेकॉर्डिंग चालू केलं, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ, ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. हिशोब केला तर सगळं मिळून २१९ तास, आणि यात फास्ट काही नाही, तासाला तासच लागतो. जागा साधारण सव्वादोनशे जीबी. एक बाजू चालू असताना करायला काहीच नसतं म्हणून वह्या वाचायला घेतल्या, आणि आजचा अख्खा दिवस त्यातच गेला.

वहीत प्रत्येक ऑर्डरला एक पान. वर गिऱ्हाईकाचं नाव नाही, खूण आहे: "पोस्टातले", "मास्तरीणबाई", "सतारमेकर गल्ली, उंच", "आर्मी, सुट्टीवर". खाली त्यांनी सांगितलेली यादी, आणि गाण्याचं नाव माहीत असलेली माणसं फारच थोडी होती असं दिसतं. "राजेश खन्ना जीपमधलं." "अरुण दाते, कुठलंही, पण दोन." "किशोरचं रडकं." "प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची सगळी, जागा उरली तर भीमगीतं." एका पानावर नुसतं "बायकोला आवडतील अशी" एवढंच, आणि शेजारी काकांच्या अक्षरात "बायकोला विचारून ये."

आणि प्रत्येक गाण्यापुढे वेळ. ३:१८, ३:२२, २:५५, ४:०५. स्टॉपवॉच लावून मोजलेली. जुनी गाणी बहुतेक सव्वातीनच्या आसपास, कारण ७८ ची लाखेची तबकडी होती तेव्हा एका बाजूला बसायचंच तेवढं, आणि पुढे लाँग प्ले आली तरी गाणं बांधणाऱ्यांचा हात तसाच बसलेला होता. मग खाली बेरीज. साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं, पण काकांचं मत असं की कंपनी एखादं मिनिट जास्तच गुंडाळते, कुठली किती ते वहीच्या शेवटच्या पानावर. म्हणजे आठ-नऊ गाणी झाली की पुढे थोडी टेप उरतेच. त्याला त्यांनी शब्द ठेवलाय: शेपूट. "ए बाजू शेपूट १:४०. बी बाजू शेपूट २:१०."

शेपटाचं काय करायचं यावरच पानंच्या पानं आहेत. इतर दुकानवाले काय करायचे, तर पुढचं गाणं सुरू करून द्यायचे आणि टेप संपली की मध्येच खट्. आपण सगळ्यांनी त्या कॅसेटी ऐकल्यात, ते अर्धं गाणं इतकं पाठ होतं की अजूनही ते गाणं कुठे लागलं की त्या जागी कानाला खट् अपेक्षित असतं. काकांना हे चालायचं नाही. त्यांच्याकडे दोन मिनिटांच्या आतल्या गाण्यांची वेगळी यादी होती, सिनेमातल्या छोट्या कडव्यांची, अंगाईची, आणि तेही बसलं नाही तर धून. गिटारवरची, माउथ ऑर्गनवरची, आपल्या पुण्याच्या इनॉक डॅनियल्सची अ‍ॅकॉर्डियनवरची.

रात्री फोन करून विचारलं धूनच का. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून काकूने मोबाईल घेतला आणि थोड्या वेळाने काकांचा व्हॉइस मेसेज आला, आता आमचं असंच चालू आहे. म्हणाले, "अरे शब्द मधी तोडला की माणूस दचकतो. धून तोडलेली कळत न्हाई. रेडिओवाले बातम्यांच्या आधी काय लावायचे? वाद्यसंगीत. वेळ झाली की आवाज खाली. ते बघूनच शिकलो मी."

आकाशवाणीच्या बातम्यांच्या आधीची ती सतार किंवा बासरी. मला आयुष्यभर वाटत आलं की ते कोणीतरी हौसेने लावतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

६ बाजू झाल्या. एका कॅसेटचं प्रेशर पॅड (टेपमागचा तो स्पंजाचा इवलासा चौकोन) गळून पडलेलं. स्क्रूवाली कॅसेट असती तर उघडली असती, ही चिकटवलेली, ब्लेडने कडेने कापून टेप दुसऱ्या सांगाड्यात घातली. सांगाडा आरत्यांच्या कॅसेटचा, आरत्या माझ्याकडे तीन प्रतींत आहेत, देव माफ करेल.

२ नोव्हेंबर, रविवार

नव्वदच्या कॅसेटींना हात घातला आणि भुताटकी सुरू झाली. गाणं सुरू व्हायच्या दोनेक सेकंद आधी तेच गाणं अगदी बारीक आवाजात येतं. आधी वाटलं डेक बिघडला. मग लक्षात आलं, नव्वदची टेप साठपेक्षा पातळ, आणि पंचवीस-तीस वर्षं घट्ट गुंडाळून पडली की एका वेढ्यातलं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. गाण्याची स्वतःच्याच आदल्या वेढ्यावर पडलेली सावली. काढता येते सॉफ्टवेअरने थोडीफार. नाही काढली.

आज वहीत १९८४-८५ चं पान लागलं आणि जरा अवघड वाटलं. सरळ सांगायचं तर काकांचा हा धंदा कायद्यात बसत नव्हता. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन शिक्षा वाढली, आणि त्यानंतरच्या पानांवर काकांनी कॅसेटच्या कव्हरवर दुकानाचा शिक्का मारणं बंद केलेलं दिसतं. गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला त्या भरणावळीतला एक पैसा गेला नाही. हे मी काकांवर प्रेम असलं तरी लिहितोच. आणि त्याच वेळी गुलशन कुमारने त्याच १९५७ च्या कायद्यातल्या एका कलमाचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि टी सीरीजच्या स्वस्त कॅसेटी किराणा दुकानापर्यंत पोचवल्या. मग भरून घ्यायला कोण येणार, तयार कॅसेट त्याच पैशात. मराठीत आनंद शिंदेंच्या 'पोपट' गाण्याने जो काही धुमाकूळ घातला तो पण तयार कॅसेटीवरच. काकांच्या वहीत एक ओळ आहे, "आज ४ जणांनी पोपट मागितला, नाही म्हणालो." दुसऱ्या दिवशीची ओळ, "पोपट आणला."

तरी धंदा चालला, कारण तयार कॅसेटमध्ये तुमची यादी नसते. तो खरा मेला एमपीथ्रीच्या सीडीने, एका सीडीत दीडशे गाणी. काय ठेवायचं काय गाळायचं हा प्रश्नच संपला, बेरीज कशाला कोण करेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

सगळ्यात जुनी वही. ही दुकानाची नाहीच, काका कॉलेजात असतानाची, १९६५. प्रत्येक बुधवारी एक पान, रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, कुठलं गाणं कितव्या पायदानावर, वर-खाली बाण. अमीन सायानींनी "पायदान" म्हटलंय म्हणून काकांनी पण मराठी वहीत पायदानच लिहिलंय. आमच्या मराठीत पायदान म्हणजे पाय ठेवायची जागा, त्यामुळे पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटेल गाण्यावर पाय ठेवलाय की काय.

बाजूला बारीक अक्षरात "२५ मीटर खराब, ४१ वर स्पष्ट". शॉर्टवेव्ह, त्यामुळे हवेवर अवलंबून. सिलोनचं एवढं का पिसाट लागलं लोकांना, तर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले बा. वि. केसकर, आपलाच मराठी माणूस, आणि त्यांना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी नको होती, शास्त्रीय पाहिजे होतं. लोकांनी शास्त्रीय ऐकायच्या ऐवजी काटा सिलोनकडे फिरवला. गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ ला, आकाशवाणीने विविध भारती काढली तेव्हा कुठे जरा बरोबरी झाली. मिरजेत हे ऐकायला मजा वाटते, कारण अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं होतं, आणि काका दोन्हीकडे असायचे. दर्ग्यात पहाटेपर्यंत आणि बुधवारी आठला रेडिओला कान लावून.

९ नोव्हेंबर, रविवार

रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी. १४ आहेत. फर्माईशीचे कार्यक्रम, आकाशवाणी सांगलीचे. एक विचित्र निघाली, सुरुवातीला ठीक आणि पुढे पुढे गाणी चढत जातात, शेवटच्या गाण्यात बाई म्हणजे अगदी चिमणी. डेक परत तपासला, डेक ठीक. मग कळलं: त्या दिवशी लाईट गेलेली असणार, टेप सेलवर चालू होता, सेल उतरत गेले, भरताना टेप हळू हळू मंद झाली, आणि मंद भरलेलं आज बरोबर वेगाने वाजवलं की उलट पळतं. तीस मिनिटांत सेल किती उतरले त्याचा आलेखच निघाला म्हणा. दुरुस्त करायला मूळ गाणी मोबाईलवर शेजारी लावून तुकड्या-तुकड्याने वेग जुळवला. म्हणजे मोबाईलवर सगळं आहे याचा एवढा उपयोग झाला.

आणि याच कॅसेटीत, फक्त याच एका, फर्माईश करणाऱ्यांची नावं राहिलीयेत. बाकी सगळीकडे काकांनी नावं सुरू झाली की पॉज दाबलाय, गाणं सुरू झालं की सोडलाय, इतकं सफाईने की कळतही नाही. इथे अंधारात पॉजचं बटण सापडलं नसेल. तासगाव, जत, कवठेमहांकाळ, म्हैसाळ, आणि एकेका घरातली सहा-सहा जणं, आई, बाबा, पप्पू, पिंकी आणि समस्त मित्रमंडळ. मागे कुत्रं भुंकतंय, आणि काकू स्पष्ट ऐकू येते: "मेणबत्ती कुठं ठेवली हो?"

गाण्यांपेक्षा हेच मी चार वेळा ऐकलं. काकांना पाठवलं. त्यांचा मेसेज, जरा ओशाळून: "ती खराब झालेली आहे. पुसायची राहिली." काकूचा वेगळा मेसेज: "परत पाठव, डिलीट झालं."

१६ नोव्हेंबर, रविवार

आजपर्यंत ४९ कॅसेटी पूर्ण. तिघींवर बुरशी, पांढरी, त्या वेगळ्या पिशवीत, डेकला लावायच्या नाहीत.

एकीवर नाव नाही, फक्त "येऊन घेऊन जाणार". लावली तर गाणी नाहीत, एक म्हातारी बोलतेय, मुलाला, तो कुठेतरी लांब आहे, म्हैस व्यायली, पाऊस नाही, तुझ्या बाबांचं पायाचं दुखणं. असं असायचं तेव्हा, पत्र लिहिता येत नसेल तर दुकानात येऊन कॅसेटमध्ये बोलायचं. दोन मिनिटांनी बंद केली. ही कॉम्प्युटरवर घ्यायची नाही असं ठरवलंय. काकूला आवाज ऐकवायचा का, ती ओळखेल कदाचित, यावर अजून ठरलं नाही. खोक्यात वेगळी ठेवली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काकूचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात. म्हटलं एक कॅसेट भरूनच देऊ, वहीप्रमाणे, बेरीज करून. कोरी कॅसेट जुन्या साठ्यातली एक मिळाली, सील न तोडलेली. यादी वहीतल्या काकूच्याच पानावरून, खूण "घरचे".

ए बाजू: आठ गाणी, २८:५०. शेपटाच्या पानावर या कंपनीला ३०:४० लिहिलंय, म्हणजे शेपूट १:५०. दोन मिनिटांच्या आतली सगळी गाणी बघितली, एक १:४५ चं बसत होतं पण ते रडकं आहे, वाढदिवसाला कसं द्यायचं. मग अ‍ॅकॉर्डियनची धून घेतली आणि शेवटी आवाज खाली.

हे लिहायला सोपं. पहिल्यांदा फेड उशिरा सुरू केला, खट्. दुसऱ्यांदा नॉब झटक्यात फिरला. तिसऱ्यांदा लेव्हलचा काटा लालमध्ये, सगळं पहिल्यापासून. रात्रीचे दोन वाजले. बी बाजू उद्या.

२९ नोव्हेंबर, शनिवार, मिरज

कॅसेट दिली. काकू खूश, पण वाजवायला वेळ नव्हता, पाहुणे. जेवणं झाल्यावर काकांनी कॅसेट घेतली, चष्मा लावून कव्हरवरच्या वेळा बघितल्या, टेपमध्ये घातली आणि सरळ फास्ट फॉरवर्ड. गाणी एक पण ऐकली नाहीत. शेवटाच्या अलीकडे थांबवून मशीन लावलेला कान स्पीकरला टेकवला, डोळे मिटले, धून खाली गेली, टेप संपून बटण वर आलं.

"फेड चांगला झालाय," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "चार सेकंद कोरी सोडलीस."

त्यांच्यासमोर काही बोललो नाही. आता जेवणाच्या टेबलावर डेक परत जोडलाय, ए बाजूचं शेपूट पुन्हा भरतोय.